कावळ्याला पाणी मिळालं का?

पहिली-दुसरीच्या वेळापत्रकात विज्ञानाला तास नसतो. भाषा असते, गणित असतं, इंग्रजी असतं, कला आणि खेळ असतात. परिसर अभ्यासाचं वेगळं पुस्तक मुलांच्या हाती पडतं ते तिसरीत. ही हयगय नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात हे विचारपूर्वक सुचवलेलं होतं. सहा-सात वर्षांच्या मुलांपुढे परिसर हा आणखी एक विषय म्हणून ठेवू नये, त्याची ओळख भाषा आणि गणित शिकता शिकताच व्हावी, अशी त्यामागची भूमिका होती. ती योग्यच होती. पण तिच्यातून निघणारी जबाबदारी आपण नीट ओळखलेली नाही. या दोन वर्षांत विज्ञानाला राहायला जागा आहे ती भाषेच्या तासातच. तिथे ते आलं नाही, तर ते कुठेच येत नाही.

बहुतेक वर्गांत ते येत नाही, असंच दिसतं. जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, लिहिता यावं, पायाभूत गणित यावं, हे त्याचं ध्येय. या ध्येयाबद्दल दुमत असायचं कारण नाही. वाचता न येणाऱ्या मुलासाठी शाळेची पुढची सगळी वर्षं वाया जातात. मात्र ध्येय गाठायच्या घाईत भाषेचा तास अक्षरं, काना-मात्रा, जोडाक्षरं आणि वाचनाचा वेग एवढ्यात आटोपतो. गोष्ट असते ती वाचून दाखवायला आणि तिच्याखालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायला. पाणी, माती, बी, अळी, लोखंडाचा तुकडा यांतलं काहीच वर्गात येत नाही.

माझं म्हणणं असं आहे की या वयात गोष्ट आणि प्रयोग वेगळे ठेवले तर दोघांचंही नुकसान होतं. गोष्टीमुळे मुलाला मनापासून प्रश्न पडतो. वस्तू हाताळल्यावर त्याला स्वतःचं उत्तर मिळतं. आणि यातून मुलाला एक फार मोठी गोष्ट उमगते: कुठला प्रश्न करून बघता येतो, कुठला बघून सुटतो आणि कुठला एकमेकांशी बोलूनच सोडवावा लागतो. हा फरक कळणं म्हणजेच वैज्ञानिक दृष्टीची सुरुवात.

बालसाहित्य आणि विज्ञान जोडायचं म्हटलं की आपल्याकडे दोन सोप्या वाटा धरल्या जातात. पहिली वाट म्हणजे धड्याला गोष्टीचा अंगरखा चढवणं. पावसाचा थेंब बोलू लागतो आणि आपण समुद्रातून वर कसे गेलो, ढगात कसे शिरलो, ते क्रमाने सांगत सुटतो. त्यात कुणाची ओढ नाही, कुणाचा पेच नाही, पुढे काय होईल याची उत्सुकता नाही. मुलं अशा मजकुराला गोष्ट मानत नाहीत आणि त्यांचं बरोबर असतं. दुसरी वाट चमत्काराची. बाटलीत लिंबाचा रस, त्यात खायचा सोडा, तोंडावर फुगा. फुगा फुगतो, टाळ्या पडतात, तास संपतो. मुलांनी काही विचारलेलंच नव्हतं, त्यामुळे जे घडलं ते कशाचं उत्तर होतं हे त्यांना कळत नाही. एका वाटेवर गोष्ट नोकर होते, दुसऱ्या वाटेवर प्रयोग करमणूक होतो. दोन्हीकडे एकच उणीव आहे: मुलाचा स्वतःचा प्रश्न.

हा प्रश्न कसा येतो ते पाहण्यासाठी तहानलेल्या कावळ्याची गोष्ट घेऊ. इसापाची ही कथा आपल्याकडची बहुतेक मुलं शाळेत येण्याआधीच ऐकून आलेली असतात. चित्रात उभा रांजण असतो, तळाशी थोडंसं पाणी आणि काठावर कावळा. बाईंनी गोष्ट रंगवून सांगावी आणि पहिला खडा टाकण्याआधी थांबावं. पुढे काय झालं? वर्ग एका सुरात सांगतो, पाणी वर आलं. मग एक पारदर्शक बरणी, बादलीभर पाणी आणि मैदानातले धुतलेले खडे मध्ये ठेवावेत. चित्रात दिसतं तेवढंच, म्हणजे पाव बरणी पाणी भरावं आणि एकेका मुलाने येऊन खडा टाकावा.

पाणी चढू लागतं. मुलं खूश होतात. पण निम्म्याच्या थोडं वर आल्यावर ते अडतं. खडे पाण्याच्या वर डोकं काढतात. आणखी खडे टाकले तरी पाणी हलत नाही. शेवटी बरणी काठोकाठ भरते, पण खड्यांनी. पाणी खाली, फटींमध्ये. वर्गात क्षणभर गोंधळ होतो आणि मग कुणीतरी म्हणतं, "बाई, कावळ्याला पाणी मिळालंच नाही!"

कारण साधं आहे. साधारण सारख्या आकाराच्या गोलसर खड्यांच्या ढिगात जवळजवळ ४० टक्के जागा रिकामी असते. सुरुवातीचं पाणी त्याहून कमी असेल, तर ते सगळं त्या फटींतच मावतं आणि काठापर्यंत पोचत नाही. निम्मी बरणी पाणी असेल, तर तेच खडे पाणी वर आणतात, इतकंच काय, सांडवतातही. पण हे कारण बाईंनी लगेच सांगू नये. मुलांना विचारावं, आता काय करायचं? कुणी म्हणेल मोठे दगड घेऊ, कुणी म्हणेल बारीक खडे, कुणी म्हणेल पाणीच जास्त हवं होतं. एखादं मूल वाळू आणेल. खड्यांवर बारीक वाळू ओतून बरणी हलवली की अडलेलं पाणी पुन्हा वर सरकतं. पाव बरणी पाण्यानेही काम होऊ शकतं, फक्त फटी बुजवाव्या लागतात, हे मुलांच्या डोळ्यांसमोर घडतं. दोन बरण्यांची तुलना करायची झाली की आणखी एक शिस्त आपोआप येते: दोन्हीत पाणी सारखं हवं. एरवी ही शिस्त वरच्या इयत्तांमध्ये व्याख्येसह पाठ करावी लागते. इथे एखादं मूल दुसऱ्याला अडवतं, "तुझ्या बरणीत जास्त पाणी आहे, हे चालणार नाही."

आणि मग गोष्टीकडे परत यायचं. गोष्ट खोटी आहे का? मुलं वाद घालतात. रांजणात किती पाणी होतं ते गोष्टीत सांगितलेलंच नव्हतं, ते चित्रकाराने ठरवलं, हे त्यांच्या ध्यानात येतं. काही जण गोष्ट नव्याने सांगतात, आता रांजण निम्मा भरलेला असतो. काही जण कावळ्याच्या चोचीत वाळू देतात. मजकूर बारकाईने वाचणं, त्यात काय आहे आणि काय आपण मनाने घातलं हे वेगळं करणं, हे साहित्याचं शिक्षण आहे. ते इथे एका बरणीमुळे घडलं.

या गोष्टीचा मागोवा शास्त्रज्ञांनीही घेतला आहे. २००९ मध्ये ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी यांनी कावळ्याच्या कुळातल्या रूक पक्ष्यांपुढे पाण्याची नळी ठेवली, तिच्यात तरंगती अळी. पक्ष्यांनी दगड टाकून पाणी वर आणलं आणि अळी मिळवली. २०१२ मध्ये केंब्रिजच्या ल्युसी चीक, निकोला क्लेटन आणि सहकाऱ्यांनी तशाच रचना लहान मुलांपुढे मांडल्या. साधारण सात वर्षांपर्यंतची मुलं पक्ष्यांप्रमाणेच काही खेपांनंतर शिकली, आठच्या पुढची बहुधा पहिल्याच प्रयत्नात. त्यातली एक रचना फसवी होती. दोन नळ्या आतून जोडलेल्या, पण जोड दिसत नाही. एका नळीत टाकलं की दुसरीतलं पाणी चढतं. पक्ष्यांना ते जमलं नव्हतं. मुलं मात्र शिकली. असं घडायला नको होतं, तरी घडतंय, हे त्यांनी स्वीकारलं आणि कामाला लागली. सहा वर्षांचं मूल हातातल्या वस्तूकडून शिकायला किती तयार असतं, याचा याहून चांगला पुरावा कुठला? या वयाला आपण केवळ पुस्तकापुढे बसवून ठेवतो.

चिमणी-कावळ्याची गोष्ट तर आपल्या घरातलीच. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, पाऊस येतो आणि कावळ्याचं घर वाहून जातं. ही गोष्ट सांगून झाल्यावर मुलांना काय काय विचारावंसं वाटतं, ते फळ्यावर लिहून काढावं. शेणाचं घर खरंच वाहून जाईल का? मेणाचं उन्हात वितळणार नाही का? खऱ्या चिमणीचं घर कशाचं असतं? चिमणीने दार लवकर का उघडलं नाही? ती चुकली का?

हे प्रश्न एकसारखे नाहीत आणि इथेच खरं शिक्षण सुरू होतं. पहिले दोन करून बघायचे. शेणाचं, मातीचं आणि मेणबत्तीच्या मेणाचं अशी तीन छोटी घरं करून वाळवायची आणि झारीने त्यांच्यावर पाऊस पाडायचा. वाळलेलं शेण लगेच वाहून जात नाही. ते आधी पाणी पितं, फुगतं, मऊ होतं आणि मग ढासळतं. मेणावरून पाणी ओघळून जातं. मग तशीच नवी घरं करून उन्हाळ्यात पत्र्यावर ठेवली की चिमणीच्या घराची तऱ्हा होते आणि कावळ्याचं घर ताठ उभं राहतं. ज्यांच्या घरी अंगण सारवतात ती मुलं सांगतात की शेणाची जमीन टिकते, मग शेणाला नावं कशाला ठेवायची? चिमणीच्या घराचा प्रश्न करून सुटत नाही, बघावं लागतं. वळचणीला, मीटरच्या खोक्यामागे, जुन्या भिंतीच्या भोकात जाऊन बघितलं की गवताच्या काड्या, पिसं, दोरे सापडतात. मेण कुठेच नाही. कावळ्याचं घर झाडावर, काटक्यांचं.

आणि चिमणीने दार का उघडलं नाही? याचं उत्तर झारीतून मिळणार नाही, वळचणीलाही मिळणार नाही. त्यासाठी गोल करून बसावं लागेल, बोलावं लागेल, आपल्या दारात कुणी भिजत उभं राहिलं असतं तर आपण काय केलं असतं हे स्वतःला विचारावं लागेल. विज्ञान त्यात लुडबुड करत नाही, करूही नये. प्रश्नांची ही प्रतवारी सात वर्षांच्या मुलाला जमते, मात्र तिन्ही तऱ्हांचे प्रश्न त्याच्यापुढे एकाच गोष्टीतून यायला हवेत. नुसत्या विज्ञानाच्या तासात तिसऱ्या तऱ्हेचा प्रश्न येणारच नाही, नुसत्या भाषेच्या तासात पहिल्या दोन तऱ्हांचे प्रश्न हवेत विरून जातील.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टींनी मुलांच्या मनात चुकीच्या कल्पना रुजत नाहीत का? रुजतात, असं म्हणायला आधार आहे. २०१४ मध्ये पॅट्रिशिया गानिया आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात असं आढळलं की प्राण्यांना माणसासारखं वागवणाऱ्या भाषेतली पुस्तकं ऐकलेली मुलं खऱ्या प्राण्यांनाही माणसाचे गुण चिकटवतात आणि त्यांच्याबद्दलची खरी माहिती कमी उचलतात. हा निष्कर्ष झटकून टाकण्याजोगा नाही. पण म्हणून चिऊ-काऊला वर्गाबाहेर काढायचं का? मग पंचतंत्रही जाईल, इसापही जाईल आणि मुलांची कल्पनाशक्ती ज्या मातीत वाढली ती मातीच जाईल. माझ्या मते निष्कर्ष उलट दिशेला बोट दाखवतो. गोष्ट एकटी सोडू नका, तिच्या शेजारी खरा प्राणी, खरी वस्तू ठेवा.

माहितीच्या पुस्तकांनाही हीच मर्यादा आहे, हे लिओ लिओनींच्या एका चित्रपुस्तकाने फार सुंदर दाखवलं आहे. १९७० साली आलेल्या या पुस्तकात बेडूक तळ्याबाहेर जाऊन येतो आणि आपल्या मित्राला, माशाला, पक्षी, गाय, माणसं यांचं वर्णन करून सांगतो. मासा ते कान देऊन ऐकतो आणि मनात चित्रं रंगवतो. त्याचा पक्षी म्हणजे पंख असलेला मासा, गाय म्हणजे शिंगं आणि आचळ असलेला मासा. माणसं कशी शिकतात यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९९ साली जो मोठा अहवाल काढला, त्यात ही गोष्ट मुद्दाम घेतली आहे. ऐकलेलं सगळं आपण जुन्या समजुतीच्या साच्यात ओततो. बेडकाचं वर्णन खरं होतं, तरी माशाला गाय कळली नाही. वर्गात आपण तासन्‌तास बेडकाचं काम करत असतो.

एरिक कार्ल यांच्या १९६९ सालच्या जगप्रसिद्ध चित्रपुस्तकातली भुकेली अळी सफरचंद खाते, केक खाते, आइस्क्रीम खाते आणि शेवटी फुलपाखरू होते. मुलं या पुस्तकावर जीव टाकतात. ते वाचून झाल्यावर शाळेच्या परसबागेतल्या कढीपत्त्यापाशी जावं. कोवळ्या पानावर लिंबू फुलपाखराचं मोहरीएवढं फिकट पिवळं अंडं सापडू शकतं. त्यातून निघणारी अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट आणि मध्ये पांढरी. मुलं तोंड वाकडं करतात, मग ती शीट चालू लागते. मोठी झाली की ती हिरवीगार होते. तिला काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दोन टोकांचं नारिंगी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. तिच्यापुढे सफरचंदाची फोड ठेवली तर ती ढुंकूनही बघत नाही. कढीपत्ता, लिंबू आणि त्यांच्या गोतावळ्यातली पानंच तिला लागतात. फांदी पाण्याच्या बाटलीत, वरून जाळीचं कापड, रोज ताजी पानं. एके दिवशी अळी रेशमाच्या एका धाग्याने स्वतःला फांदीला कमरेत बांधून घेते आणि कोष होते. काही दिवसांनी बहुधा फुलपाखरू बाहेर येतं. कधी मात्र कोषाला बारीक भोक पडतं आणि त्यातून गांधीलमाशीच्या कुळातले इवलेसे कीटक निघतात, ज्यांनी आतल्या आत कोष खाऊन संपवलेला असतो. मुलांना वाईट वाटतं. ते वाटू द्यावं. निसर्गाची गोष्ट दर वेळी आपल्याला हवी तशी संपत नाही, हेही कळायला हवं. कार्ल यांची अळी मात्र यामुळे मुलांना नावडती होत नाही. दोन अळ्यांपैकी कुठली कशासाठी आहे, हे त्यांना कळलेलं असतं.

दुसरा आक्षेप मुख्याध्यापक आणि पालक दोघांकडून येतो. आधी वाचता-लिहिता येऊ दे, हे सगळं नंतर. या म्हणण्यात वाचन हे निव्वळ अक्षर ओळखण्याचं कौशल्य मानलेलं आहे. समजून वाचायचं तर शब्दामागे अनुभव लागतो. भिजणं, फुगणं, विरघळणं, झिरपणं, ओघळणं, पाझरणं यांतला फरक ज्या मुलाने झारीखालच्या घरांवर पाहिला, त्याला हे शब्द पुढे धड्यात भेटले की अडखळावं लागत नाही. लेखनाचंही तेच. "माझी शाळा" यावर पाच वाक्यं लिही म्हटलं की सगळ्या वह्यांत तीच पाच वाक्यं असतात. "आज बरणीत काय झालं ते आज न आलेल्या मैत्रिणीसाठी लिहून ठेव" असं म्हटलं की मूल धडपडतं, चुकीच्या जोडाक्षरांनी का होईना पण स्वतःचं वाक्य लिहितं. ज्याला सांगायचं आहे त्याला लिहावंसं वाटतं. अळीच्या रोजच्या नोंदीत तारीख आहे, मापन आहे, चित्र आहे, क्रम आहे. भाषेच्या आणि गणिताच्या कितीतरी अध्ययन निष्पत्ती त्या एका वहीत पुऱ्या होतात. वेळ वाया जात नाही, तो दोनदा वापरला जातो.

तिसरी अडचण शिक्षकांची आहे आणि ती खरी आहे. द्विशिक्षकी शाळेत एका बाईंकडे दोन-तीन वर्ग, अहवाल, ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशेब. त्यात भर म्हणजे "मुलांनी असं काही विचारलं आणि मला आलं नाही तर?" ही भीती. साहित्याची अडचण त्या मानाने छोटी आहे. तिचं उत्तर आपल्याकडे फार आधी दिलं गेलं आहे. तारा‌बाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या आणि पुढे कोसबाडला हे काम वाढलं. महागड्या साधनांच्या जागी त्यांनी परिसरातले दगड, बिया, पानं, शिंपले वापरले. ते परवडत नाही म्हणून केलेली तडजोड नव्हती, मुलाचं जग शाळेत आणण्याची ती रीत होती. अलीकडच्या काळात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंमधून विज्ञानाची खेळणी केली, पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या विज्ञान शोधिकेतून ती असंख्य मुलांपर्यंत पोचवली. त्याच माणसाने मुलांसाठीच्या शेकडो पुस्तकांचे हिंदी अनुवादही केले, हा मला योगायोग वाटत नाही. ज्याला मुलांच्या हाताची भूक कळते त्याला त्यांच्या कानाची भूकही कळते.

न येणाऱ्या उत्तराची भीती मात्र प्रशिक्षणानेच जाईल. आपल्या शिक्षकांना आपण उत्तरं देण्यासाठी तयार करतो. "मलाही माहीत नाही, कसं शोधायचं बरं?" हे वाक्य आत्मविश्वासाने उच्चारायला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. शिक्षण परिषदेत एखादा तास सगळ्या शिक्षकांनी मिळून पाव बरणी पाण्यात खडे टाकून पाहावेत. त्यांनाही पाणी अडलेलं पाहून आश्चर्य वाटेल, आणि त्या आश्चर्यातून जे कळेल ते भाषणातून कळणार नाही.

करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं बिनखर्चाचं आहे. वर्गातल्या वाचन कोपऱ्यात चांगली चित्रपुस्तकं हवीत, तात्पर्य सांगण्यासाठी लिहिलेली नव्हेत. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांनी मराठीत एक वळण घालून दिलं आहे. त्यांतली मुलं आपल्या घरातली, गल्लीतली वाटतात आणि चित्रांमध्ये पुन्हा पुन्हा बघण्याजोगे तपशील असतात. बारकाईने चित्र बघणारं मूल बारकाईने पानही बघतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतल्या गोष्टी विनामूल्य मिळतात. पाठ्यपुस्तकातल्या गोष्टीखाली पाच प्रश्नांपैकी एक तरी असा असावा, ज्याचं उत्तर पुस्तकात नसेल आणि हात ओले केल्याशिवाय मिळणार नसेल. पर्यवेक्षणाला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी मुलाने मिनिटाला किती शब्द वाचले हे जरूर बघावं, पण सोबत हेही विचारावं, तुझा या आठवड्याचा प्रश्न कोणता? तो तू कुणाला विचारलास, पुस्तकाला, वस्तूला की माणसाला?

वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे आपल्या संविधानाने १९७६ पासून नागरिकांचं मूलभूत कर्तव्य मानलं आहे. या कर्तव्याची आठवण आपण मुलांना वरच्या इयत्तांत नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून करून देतो. तोवर उशीर झालेला असतो. मोबाइलवर आलेला मजकूर पुढे ढकलताना "हे करून बघता येईल का, कुणी पाहिलंय का" असं मोठ्या माणसांच्या मनात येत नाही, कारण प्रश्नांची जात ओळखायची सवय त्यांना वेळेवर लागली नाही. आणि ज्यांना ती लागली त्यांच्यापैकी काही जण माणसांच्या दुःखाचा प्रश्नही आकडेवारीने सोडवू पाहतात, कारण गोष्टीच्या गोलात ते पुरेसे बसले नाहीत. दोन्ही सवयी सहाव्या-सातव्या वर्षी, एकाच तासात, एकाच गोष्टीतून लागू शकतात. त्यासाठी नवा विषय नको, नवं पुस्तक नको, वेळापत्रकात नवा तासही नको. भाषेच्या तासाला वर्गात पाण्याची बादली आणायची परवानगी हवी आणि ओल्या फरशीबद्दल बाईंना कुणी जाब विचारणार नाही, एवढी हमी हवी. ती देणं आपल्या हातात आहे.